मथुराताईंच्या फायलीतलं 'कधीच नाही'

मथुराताईंचा मला हेवा वाटायचा. चांगली आठ-नऊ वर्षं वाटला. सकाळी साडेनऊला आमच्या केंद्राचं दार उघडलं की सुरू व्हायचा, आणि संध्याकाळी घरी जाऊन मिस्टरांपुढे सगळं ओकून झालं की जरा शांत व्हायचा. जेवायला बसताना मिस्टर स्वतःच विचारायचे, "बोला, आज काय केलं तुमच्या मथुराबाईंनी?" म्हणजे बघा.

आता त्या नाहीत. गेलेल्या माणसाविषयी गोड बोलावं अशी रीत आहे, पण ती मला या बाबतीत जमायची नाही. मी त्यांना पाहिलं ते हेव्याच्याच डोळ्यांनी. तो काढून टाकला तर माझ्याकडे सांगायला फारसं काही उरणार नाही.

मी नाशिकमधल्या एका मोठ्या दवाखान्यात एचआयव्हीच्या औषधांच्या केंद्रावर समुपदेशक आहे. दर महिन्याला माणसं गोळ्या न्यायला येतात आणि गोळ्या मिळण्याआधी त्यांना माझ्या टेबलापुढे बसावं लागतं. गोळ्या वेळेवर घेता का, जेवण काय, घरी कोणाला माहीत आहे, व्यसन काय, सगळं विचारून मी फायलीत लिहिते. त्यासाठी मी दोन वर्षं शिकले आहे. मला खोली आहे, खोलीला दार आहे, दारावर नावाची पाटी आहे.

मथुराताईंना यातलं काहीच नव्हतं. त्या स्वतः आमच्याकडच्याच पेशंट, सिन्नरच्या. नवरा याच आजारानं गेलेला, आणि ही गोष्ट त्या कोणालाही, अगदी एसटीत शेजारी बसलेल्या बाईलाही, बिनदिक्कत सांगायच्या. कार्यक्रमांत माईकवरून सांगायच्या. "माझं नाव घेऊन सांगा, लपवायला मी काय चोरी केलीय?" म्हणायच्या. म्हणून मी इथे त्यांचं नाव घेते आहे. त्यांचं काम म्हणजे गोळ्या चुकवणाऱ्यांना शोधून आणायचं आणि नव्यानं कळलेल्यांना धीर द्यायचा. कागदावर त्यांच्या कामाला भारदस्त नाव होतं, पण लोक त्यांना मावशी म्हणत. बसायची जागा म्हणजे गेटबाहेरच्या, माझ्या खिडकीसमोरच्याच चहाच्या टपरीवरचं बाकडं.

गोम तिथेच होती. माझ्याकडे यायच्या आधी माणूस बाकड्यावर बसायचा आणि माझ्याकडून गेल्यावर पुन्हा बाकड्यावर बसायचा. मला मिळायचं ते मधलं.

ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कोणी महिनाभरानं आला की त्यांचं स्वागत ठरलेलं असायचं. "आं? मेला नाय का रं अजून?"

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. असं बोलायचं असतं का पेशंटशी? आणि तो पेशंट, जो माझ्यापुढे महिनोन्‌महिने मान खाली घालून बसायचा, तो खदखदून हसला. "तुमच्या आधी कसा मरीन मावशी? रांगेत तुमचा नंबर पुढं हाय." मग दोघंही हसले. मी खिडकीत उभी. असं हसणं माझ्या खोलीत कधी झालं नव्हतं.

त्यांच्या बोटांना उसंत नसायची. लहानपणापासून सिन्नरला बिड्या वळलेल्या. कारखाना सुटून वीस वर्षं झाली होती, पण हाताला लागेल तो कागद, एसटीचं तिकीट, चिठ्ठी, बिस्किटाच्या पुड्याचा कपटा, बोलता बोलता त्याची बारीक निमुळती सुरळी व्हायची आणि एक टोक नखानं दुमडलं जायचं. माझ्या टेबलावर अशा दहा-बारा सुरळ्या रोज सापडायच्या. मी त्या चिडून केराच्या टोपलीत टाकायचे.

मी कामाला लागले तेव्हा सगळ्या जुन्या फायली नव्यानं भरल्या. त्यांच्या फायलीला बसले तेव्हा विचारलं, "बिडी, तंबाखू?"

"छ्या," त्या म्हणाल्या. "कधीच नाय मॅडम."

मी लिहिलं, 'कधीच नाही'. आणि मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं, हेही सांगायला हवं. पोरवयापासून मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन बसलेली बाई आणि एक झुरका नाही! पुढे दर वर्षीच्या कार्यक्रमात मी ते बोलून दाखवायला लागले. "आपल्या मथुराताईंकडे बघा. हजारो बिड्या वळल्या, पण ओठाला लावली नाही." टाळ्या व्हायच्या. एका वर्षी त्यांना शाल-नारळ दिला तोही याच गोष्टीवर. मथुराताई शाल सावरत खाली बघायच्या. मला वाटायचं, लाजतात. आणि मागच्या रांगेतली माणसं टाळ्या वाजवताना एकमेकांकडे बघून का हसतात, हे मला कधी कळलं नाही.

मग तो सीटी स्कॅनचा उपक्रम आला.

आमच्या डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून समजावलं. गोळ्यांनी आपली माणसं जगवली, ती आता पन्नाशी-साठीची होऊ लागली. त्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं बिडी ओढणारे. या आजारासोबत बिडी असली की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त, आणि तो इतरांपेक्षा लवकरच्या वयातही गाठू शकतो. खोकला यायच्या आत सापडला तर कापून काढता येतो, नाहीतर हातातून जातो. शिवाय आमच्या माणसांचा घोळ असा की छातीत काही दिसलं की सगळेच 'टीबीचा जुना डाग असेल' म्हणून सोडून देतात. तर आता एका संस्थेच्या मदतीनं, ज्यांनी बरीच वर्षं बिडी-सिगारेट ओढली आहे त्यांची कमी किरणांची स्कॅन वर्षभर फुकट होणार होती.

"यादी काढा," डॉक्टर मला म्हणाले. "तुमच्या फायलींत सगळं आहेच."

मी दोन दिवस बसून यादी काढली. अकरा नावं निघाली. आमच्याकडची एवढी माणसं आणि अकरा! डॉक्टरांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "मॅडम, सातपूरच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे, हमाल, ड्रायव्हर, सगळे इतके सोवळे?"

उत्तर मला तिथल्या तिथे कळलं. इतकी वर्षं मी बिडीवरून प्रत्येकाला फैलावर घेत आले होते. बिडी ओढतो म्हणाला की माझं पंधरा मिनिटांचं भाषण ठरलेलं. एकदोघांना तर मी रागाच्या भरात 'मग गोळ्या कशाला घेता?' असंही म्हटलं होतं. त्यातून लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं की मॅडमना 'सोडली' किंवा 'नाही' सांगायचं, भाषण वाचतं आणि गोळ्या बंद होण्याची भीती राहत नाही. माझ्या सगळ्या फायली स्वच्छ होत्या. माझ्याच धाकानं स्वच्छ झाल्या होत्या.

मथुराताईंनी यादी पाहिली आणि हसू दाबायला पदर तोंडाशी धरला. "मॅडम, चार दिवस द्या मला," म्हणाल्या.

चार दिवसांत बाकड्यावर बसून त्यांनी साठ-पासष्ट जण हुडकले. कोण दिवसाला किती ओढतो, कधीपासून, कुठली बिडी, सगळं तोंडपाठ. एकेकाला माझ्या खोलीत ढकलायच्या आणि दारात उभं राहून सांगायच्या, "खरं सांग मॅडमला. मॅडम मारत नाय." मी एकेक फाईल उघडायची, माझ्याच अक्षरातलं 'नाही' खोडायचं, आकडा लिहायचा, बाजूला सही करायची. साठ वेळा. सहीगणिक माझा जळफळाट होत होता. इतकी वर्षं ही माणसं माझ्याशी खोटं बोलली आणि यांच्याशी खरं. माझ्यात काय कमी होतं?

दगूभाऊ तर यायलाच तयार नव्हते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात राखेच्या कामावर आयुष्य काढलेले, साठीला आलेले, एकटे. त्यांना मी माझ्या परीनं समजावलं. तक्ता दाखवला, फुप्फुसाचं चित्र दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, एक आजार हाय तेवढा पुरे. दुसरा कशाला शोधू?"

मी तक्ता गुंडाळून ठेवला. बाहेर त्यांनी तेच मथुराताईंना सांगितलं असणार, कारण खिडकीतून मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"अरं दगू, एक हाय म्हणून तर दवाखान्याची वाट ठावकी हाय तुला. ज्यांना काय नाय, त्यांना कोण इचारतंय तुझं फुप्फुस कसं हाय म्हणून? फुकट इचारत्यात तर मिजास करतोय. ऊठ."

आणि दगूभाऊ उठले. मी खिडकी लावून घेतली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. धुलाईच्या खोलीमागे, जिथे चादरी वाळत घालतात, तिथे मी फोनवर बोलायला गेले होते. दोन चादरींच्या मधून मथुराताई दिसल्या. उकिडव्या बसलेल्या, पाठ माझ्याकडे. खांद्यावरून धूर वर जात होता. सवयीच्या माणसाचा धूर, सावकाश सोडलेला. मधेच त्या खोकल्या, छाती धरून खोकल्या, आणि पुन्हा ओढायला लागल्या.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिते. मला आनंद झाला. काळजी वाटायला हवी होती, मला आनंद झाला. सापडल्या एकदाच्या, असं वाटलं. शाल-नारळ घेतलेली बाई! मी पावलं न वाजवता परत फिरले. कोणाला बोलले नाही, मिस्टरांनासुद्धा नाही. ही गोष्ट माझ्याकडे हुकमाच्या पानासारखी राहू दे, वेळ आली की टाकीन, असं मी मनात पक्कं केलं. त्यांचा खोकला मी नंतर रोज ऐकत होते. कोणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "जुना टीबी हाय माझा, असाच खोकतो." आणि मला खरं माहीत होतं. फॉर्म माझ्या सहीनं पुढे जायचा, फाईल माझ्या कपाटात होती, स्कॅनची खोली दोन जिने खाली होती. मी पान धरून बसले.

दगूभाऊंच्या स्कॅनमध्ये एक बारीक गाठ निघाली. वाटाण्याएवढी. त्यांना खोकला नव्हता, काही नव्हतं. तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं. मथुराताई पंधरा दिवस त्यांच्या उशाशी होत्या. चार महिन्यांनी दगूभाऊ स्वतःच्या पायानं चालत आले, हातात पेढ्यांचा पुडा.

मी खोलीत वाट बघत बसले. फॉर्म मी भरला होता, तारीख मी मिळवली होती, सर्जनला तीनदा फोन मी केले होते. पुडा बाकड्यावर फुटला. हसण्याचा आवाज आला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, माझ्याकडे कोणी आलं नाही.

मग मी उठले. आठ वर्षांत पहिल्यांदा त्या टपरीवर गेले. सात-आठ जण होते, सगळे आमचेच. मला बघून त्यांनी चहाचे ग्लास खाली ठेवले. मथुराताईंनी सरकून जागा केली. "या मॅडम, बसा. पेढा घ्या."

मी बसले नाही. मी म्हटलं, "मथुराताई, सगळ्यांची नावं दिलीत. तुमचं स्वतःचं नाव यादीत कसं नाही?"

एवढंच. पण ज्या सुरात म्हटलं तो सूर मला अजून ऐकू येतो. सगळ्यांना कळलं की मला माहीत आहे. आणि मला कळलं की त्यांना सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. कार्यक्रमात मागची रांग कशाला हसायची तेही कळलं. दगूभाऊ पेढा हातात धरून जमिनीकडे बघत राहिले.

मथुराताईंच्या बोटांत पेढ्याच्या पुड्याचा कागद होता. त्याची सुरळी झाली, टोक दुमडलं गेलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या फायलीत 'कधीच नाय' लिवलंय ना मॅडम. तुमच्या अक्षरात."

"मग खोडायचं की! साठ फायली खोडल्या मी."

"त्यांचं येगळं," त्या म्हणाल्या. "त्यांना तुमी कधी स्टेजवर न्हेलं नाय. मला तुमी चांगली बाई म्हनला व्हता. तेवढं एक तुमच्याकडं ऱ्हाऊ द्यावं वाटलं. बाकी ह्यांना काय, ह्यांना मी कशी बी चालते."

मला तिथे उभं राहवेना. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना खोलीत घेऊन आले. दार लावलं. फाईल काढली. आठ वर्षांत त्यांच्या फायलीत मी दर महिन्याला नुसती बरोबरची खूण करत आले होते, पुन्हा विचारलं नव्हतं.

"किती?" मी विचारलं.

"दिसाला एक बंडल. कधी दीड."

"कधीपासून?"

"तेरा-चौदाची असेन. कारखान्यात झोप यायची, म्हनून."

मी 'कधीच नाही' खोडलं. आकडा लिहिला, सही केली. भाषण दिलं नाही. त्या माझ्या पेनाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आता शाल परत मागणार का?" आणि हसायला गेल्या तर खोकला आला.

स्कॅनमध्ये त्यांचा जुना टीबीचा डाग होता आणि त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी होतं, ते वाटाण्याएवढं राहिलेलं नव्हतं. ते मानेच्या गाठींपर्यंत गेलेलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून फिल्म दाखवली. "सात-आठ महिने आधी आल्या असत्या तर दगूभाऊंसारखं काढता आलं असतं बहुतेक," ते म्हणाले. "यांच्याच हाताखालून सगळे गेले आणि याच राहिल्या. कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

त्या चादरींमागे त्यांना पाहिल्याला साडेआठ महिने झाले होते. मी मोजले होते.

हे मी नंतर मथुराताईंना सांगितलं. सलाईन चालू होतं, मी शेजारी स्टुलावर होते. म्हटलं, मी तुम्हाला तेव्हाच पाहिलं होतं, धुलाईमागे. बोलले नाही.

"मी बी तुमाला बघितलं व्हतं," म्हणाल्या. "तुमच्या चपला वळखते मी. म्हनलं, आता मॅडम बोलतील. आता बोलतील. लय दिस वाट बघितली." मग माझा हात थोपटला, जसा त्या नव्या पेशंटचा थोपटायच्या तसा. "जाऊ द्या. माझं त्वांड काय शिवलं व्हतं?"

मला रडू आलं, आणि रडतानाही मनात आलंच की ही बाई इथेही माझ्यापेक्षा वरचढ ठरली. ती मला समजून घेत होती आणि ते माझं काम होतं.

औषधांनी त्यांना आणखी एक वर्ष मिळालं. त्यातले निम्मे दिवस त्या डोक्याला रुमाल बांधून बाकड्यावरच होत्या. ज्यांनी टाळाटाळ चालवली होती अशांना स्वतःची फिल्म उन्हात धरून दाखवायच्या. "हे बघ, हे माझं. तुझं बघून ये, मग सांग." राहिलेले एकूण एक जण स्कॅनला गेले. मीही रोज दुपारी बाकड्यावर बसायला लागले. सुरुवातीला मी आले की गप्पा थांबायच्या. नंतर थांबेनाशा झाल्या, पण त्या असल्या तरच.

शेवटचं सिन्नरला भेटले. त्यांचं येणं बंद झालं होतं. मी रविवारी जीपनं गेले, दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा, ओट्यावर खाट. खाटेवर त्या, उशाला टेकून बसवलेल्या, पार वाळलेल्या. खाली दगूभाऊ बसले होते, एकलहऱ्याहून आलेले. मी ठरवून आले होते. ओट्याची पायरी चढता चढता म्हटलं, "आं? मेल्या नाहीत का अजून?"

जीभ अडखळली, आवाज चिरका निघाला. पण मथुराताईंचे डोळे असे चमकले की काय सांगू. "आल्या," दगूभाऊंना म्हणाल्या. "आल्या मॅडम लायनीवर."

तासभर बसले. त्यांनी मला कोणाकोणाचं काय चाललंय ते विचारलं, कोण गोळ्या चुकवतो, कोणाची सून बोलत नाही. मी सगळं सांगितलं. बऱ्याच गोष्टी आता मला माहीत असायच्या. मधूनच त्यांचा हात उशीखाली जायचा आणि माझ्याकडे बघून त्या तो परत काढून घ्यायच्या. दोनदा झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी उठले. म्हटलं, "निघते, जीप सुटेल."

"बसा की," त्या म्हणाल्या, पण फार आग्रह केला नाही.

कोपऱ्यावर वळताना मी मागे पाहिलं. बघू नये असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. मथुराताई मान उंच करून मी गेले का ते बघत होत्या. मी बोळाच्या भिंतीआड झाले आणि तिथून डोकावत राहिले. मग त्यांनी उशीखालून बिडी काढली, दगूभाऊंनी वाकून काडी ओढली, हाताचा आडोसा केला. एकच झुरका घेतला असेल. तो सावकाश सोडून त्या दगूभाऊंना काहीतरी बोलल्या आणि दोघंही हसले.

सगळं उघड झालं होतं. आकडा माझ्याच अक्षरात फायलीत होता. तरी त्या मी जाईपर्यंत थांबल्या होत्या. माझ्यासाठी त्या शेवटपर्यंत चांगली बाई राहिल्या, आणि मी तिथे भिंतीला टेकून उभी, दगूभाऊंचा हेवा करत.